रॉबर्ट कॉख: मेलेल्या मेंढीच्या रक्तातून रोगाचा गुन्हेगार शोधणारा डॉक्टर

धडधाकट जनावर अचानक मरतं. नाकातोंडातून काळपट रक्त येतं आणि ते गोठत नाही. अशा वेळी पशुवैद्यक बजावतात, की शव फाडू नका. का? याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका गावाकडच्या डॉक्टरने शोधलं.

घरातच प्रयोगशाळा

रॉबर्ट कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ चा, क्लाउस्थाल या खाणींच्या गावातला. गॉटिंगेनला वैद्यकीय शिक्षण झालं. १८७२ मध्ये ते वोलश्टाइनला सरकारी डॉक्टर झाले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. त्या भागात काळपुळीने, म्हणजे अँथ्रॅक्सने, गुरं-मेंढ्या मरत होत्या. माणसांनाही लागण होत होती.

मेलेल्या जनावरांच्या रक्तात काडीसारखे जीव दिसतात, हे आधीच माहीत होतं. पण ते रोगाचं कारण की परिणाम, यावर वाद होता.

कॉख यांनी लाकडाच्या बारीक काडीने असं रक्त उंदरांना टोचलं. उंदीर मेले. निरोगी जनावराचं रक्त टोचलेले उंदीर जगले. मग त्यांनी बैलाच्या डोळ्यातल्या द्रवात हे जिवाणू वाढवले आणि तेच टोचून पुन्हा रोग घडवून दाखवला. १८७६ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

शव का फाडायचं नाही?

कॉख यांना आणखी एक गोष्ट दिसली. हे जिवाणू बीजाणू बनवतात. बीजाणू म्हणजे टणक कवचातलं रूप. ते मातीत वर्षानुवर्षं टिकतं. बीजाणू तयार व्हायला हवा लागते. शव बंद राहिलं तर कुजताना आतले बरेच जिवाणू मरतात. फाडलं तर रक्त बाहेर येतं, जिवाणूंना हवा मिळते आणि ती जमीन पुढच्या गुरांसाठी धोक्याची होते.

बर्लिन, क्षय आणि मुंबई

१८८० मध्ये कॉख बर्लिनला गेले. तिथे त्यांनी घट्ट माध्यमावर एकाच जातीचे जिवाणू वेगळे वाढवायची पद्धत रुळवली. २४ मार्च १८८२ ला क्षयाचा जिवाणू जाहीर केला. १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्यावर काम केलं. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या बुळकांडीचा अभ्यास करून १८९७ मध्ये ते प्लेगच्या तपासासाठी मुंबईत आले. १९०५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

जिथे ते चुकले

१८९० मध्ये त्यांनी क्षयावर उपाय म्हणून ट्युबरक्युलिन आणलं. उपाय म्हणून ते फसलं, पण पुढे गुरांमधला क्षय ओळखायची चाचणी म्हणून ते जगभर वापरलं गेलं. १९०१ मध्ये तर त्यांनी गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही, असं लंडनच्या परिषदेत मांडलं. ब्रिटिश आयोगाच्या तपासात ते चुकीचं ठरलं. बाधित गाईच्या कच्च्या दुधातून क्षय माणसाला, विशेषतः मुलांना होऊ शकतो. दूध उकळूनच प्यायचं, ते यासाठीही. पुराव्याशिवाय काही मानू नका, हे शिकवणाऱ्याचं मतही पुरावा तपासूनच खोडलं गेलं.

२७ मे १९१० ला बाडेन-बाडेनमध्ये कॉख यांचं निधन झालं.

आपल्या गोठ्यात याचा उपयोग काय?

भारतात जनावरांच्या रोगजंतूंचा अभ्यास करणारी सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढे ती उत्तराखंडातल्या मुक्तेश्वरला गेली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

दीपनगर-भुसावळपासून धुळ्यापर्यंतच्या पशुपालकांना घटसर्प आणि फऱ्या ही नावं नवी नाहीत. दोन्ही जिवाणूंचेच रोग. घटसर्पात ताप येतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो. फऱ्यात जनावर लंगडतं आणि मांडीची सूज दाबली की करकर वाजते. या खुणांवरून संशय येतो. खात्री मात्र नमुना तपासूनच होते.

काळपुळीच्या संशयात पशुवैद्यक कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच काड्या शोधतात. हा थेंब स्वतः घेऊ नका. शवाला हात लावू नका, कातडं काढू नका, कुत्र्यांना जवळ येऊ देऊ नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर कळवा. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या.