पाण्यातील पोकळीशी झुंज : सर चार्ल्स पार्सन्स

हीरक महोत्सव म्हटला की तोरणे, मिरवणुका आणि सत्कार डोळ्यांसमोर येतात. १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास साठ वर्षे झाली, तेव्हा २६ जून रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर स्पिटहेड येथे आरमाराचे भव्य संचलन भरले होते. युद्धनौकांच्या शिस्तबद्ध रांगांमधून शंभर फूट लांबीची एक चिंचोळी नौका अकस्मात धावत सुटली. तिला अडविण्यास निघालेल्या गस्ती नौका मागेच राहिल्या. त्या नौकेचे नाव ‘टर्बिनिया’ आणि तिचे निर्माते चार्ल्स अल्जरनॉन पार्सन्स. तीन वर्षांपूर्वी मात्र हीच नौका त्यांच्या घोर अपेक्षाभंगाचे कारण ठरली होती.

पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडनमध्ये झाला. आयर्लंडमधील बर येथे त्यांच्या वडिलांचा, म्हणजे रॉसच्या तिसऱ्या अर्लचा, वाडा होता आणि त्याच्या आवारात त्या काळातील जगातील सर्वांत मोठी दुर्बीण उभी होती. शाळेच्या स्मरणिकेत सांगण्यास थोडा संकोच वाटावा, पण हा मुलगा लहानपणी कोणत्याच शाळेत गेला नाही. घरी येणारे शिक्षक आणि वडिलांची कर्मशाळा हेच त्याचे विद्यालय. या कर्मशाळेची एक दुःखद आठवणही आहे. १८६९ मध्ये घरीच बनविलेल्या वाफेच्या गाडीवरून पडून वडिलांच्या नात्यातील मेरी वॉर्ड या विदुषीचा मृत्यू झाला. चार्ल्स तेव्हा पंधरा वर्षांचे होते.

केंब्रिजची गणिताची परीक्षा १८७७ मध्ये अकराव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर या सरदारपुत्राने न्यूकॅसलजवळच्या आर्मस्ट्राँग यांच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. पुढे १८८४ मध्ये गेट्सहेड येथे भागीदारीत असताना त्यांनी आपले वाफेचे टर्बाइन सिद्ध केले. वाफेचा दाब एकदम न सोडता पात्यांच्या अनेक ओळींतून थोडाथोडा उतरवावा, ही त्यातील मुख्य कल्पना. ते यंत्र मिनिटाला १८,००० फेरे घेत असे. १८८९ मध्ये भागीदारी मोडली आणि स्वतःच्याच शोधाचे पेटंट जुन्या भागीदारांकडे राहिले. ते परत मिळेपर्यंत १८९४ साल उजाडले.

त्याच वर्षी ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरली. यंत्रात बळ होते, पण नौकेचा वेग वीस नॉटच्या आसपासच अडकला. पंख्यांमागून पंखे बदलले, तरी तेच! अखेर दोष यंत्रात नसून पाण्यात असल्याचे उमगले. पाणी उकळण्यास उष्णताच लागते असे नाही. दाब पुरेसा उतरला तर ते थंड असतानाही उकळते. उंच डोंगरावर पाणी कमी उष्णतेला उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही, त्याचे कारण हेच. अतिवेगाने फिरणाऱ्या पंख्याच्या पात्यामागे दाब इतका घसरतो की तेथे बाष्पाच्या पोकळ्या तयार होतात. मग पंखा पाण्याला रेटण्याऐवजी बाष्पातच घुसळत राहतो. या घटनेला ‘कॅव्हिटेशन’ हे नाव त्याच सुमारास मिळाले.

तर्कावर न थांबता पार्सन्स यांनी ही पोकळी डोळ्यांनी पाहण्याचे ठरविले. उकळीच्या जवळ नेलेल्या पाण्यात इवलासा पंखा फिरविला की कमी वेगातही पोकळ्या दिसत. पुढे १८९५ मध्ये त्यांनी तांब्याच्या बंद वेटोळ्यात पाणी खेळविले, त्यावरील हवेचा दाब पंपाने उतरविला आणि फिरत्या आरशाने प्रकाशाचे क्षणिक झोत टाकून धावत्या पात्यांना जणू स्थिर उभे केले. अशा प्रकारचे हे जगातील पहिलेच उपकरण. निष्कर्ष सरळ होता : एकाच पंख्यावरील भार अनेकांवर वाटावा. ‘टर्बिनिया’ला एका दांड्याऐवजी तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे बसविले, तेव्हा वेग चौतीस नॉटच्या घरात गेला.

पुढची वाटही सोपी नव्हती. टर्बाइनवर चालणाऱ्या ‘वायपर’ व ‘कोब्रा’ या दोन्ही विनाशिका १९०१ मध्ये बुडाल्या. टर्बाइनचा त्यात दोष नव्हता, तरी ‘कोब्रा’वर पार्सन्स यांच्या कारखान्यातील माणसेही दगावली. तथापि १९०६ च्या ‘ड्रेडनॉट’ युद्धनौकेने टर्बाइनचे स्थान पक्के केले.

पोकळीने मात्र त्यांचा पिच्छा सोडला नाही. मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा धातू कुरतडल्यासारखा झिजू लागला. बुडबुडा जेथे दाब वाढतो तेथे मिटतो. मिटताना भोवतालचे पाणी सर्व बाजूंनी मध्याकडे झेपावते आणि अत्यंत लहान जागी प्रचंड दाब उत्पन्न होतो. १९१७ मध्ये लॉर्ड रॅले यांनी याचे गणित मांडले. पार्सन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांनी तेच पडताळले.

१९१८ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा महायुद्धात कामी आला. कन्या रेचेल पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील स्त्री-अभियंत्यांच्या संस्थेची पहिली अध्यक्षा झाली. कृत्रिम हिरा बनविण्याचा ध्यासही पार्सन्स यांनी वर्षानुवर्षे, पदरचा पैसा ओतून बाळगला. तो काही साधला नाही, आणि तसे त्यांनी मान्यही केले.

११ फेब्रुवारी १९३१ रोजी सागरप्रवासात, जमैकातील किंग्स्टन बंदरात जहाजावरच त्यांचे निधन झाले. ‘टर्बिनिया’ आज न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहे आणि तांब्याचे ते छोटे वेटोळेही त्याच शहरात जपून ठेवले आहे.