बर्फावरील नर्तिका ल्यूडमिला पाखोमोवा

हिंवाळ्यांत ज्या देशांतील नद्या व तळीं गोठून फरशीसारखीं कठीण होतात, त्या देशांतील लोकांनीं पायांस पातें बांधून बर्फावर घसरत जाण्याची युक्ति फार पूर्वींच शोधून काढली. आरंभीं ती केवळ प्रवासाची सोय होती; पुढें तिचा खेळ झाला, आणि खेळांतून कला निपजली. आमच्या बहुतेक वाचकांनीं असें गोठलेलें तळें डोळ्यांनीं पाहिलेलें नसेल. तरी ज्या रशियन बाईचें चरित्र येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे, तिचें कर्तृत्व नीट ध्यानांत यावें म्हणून त्या कलेची थोडी ओळख आधीं करून घेतली पाहिजे.

बुटाच्या तळाशीं बसविलेलें पोलादी पातें सुमारें चार मिलिमीटर रुंद असून त्याच्या मध्यें लांबीच्या दिशेनें एक पन्हळ असते. त्यामुळें त्यास आंतली व बाहेरची अशा दोन धारा येतात. शरीराचा भार ज्या धारेवर टाकावा तिकडे वळण घेत पाय जातो. बर्फावर जोडीनें करावयाचा एक प्रकार असा आहे कीं, त्यांत पुरुष स्त्रीस डोक्यावर उचलून धरतो व हवेंत झोंकूनही देतो. नृत्याच्या स्पर्धेंत असले चमत्कार चालत नाहींत. तेथें पाहावयाचें तें हें कीं, दोघांचीं पावलें परस्परांच्या किती जवळून, किती खोल धारेवर व तालाशीं किती एकजीव होऊन पडतात. आपल्याकडील मुली फुगडी घालतात तेव्हां एकीचा तोल दुसरीच्या हातांत असतो. एकीनें हात सैल सोडला कीं दोघीही पडावयाच्या. बर्फावरील नृत्याचें तसेंच आहे. म्हणून जोडीदाराची निवड ही या कलेंत निम्मी विद्या होय. आणि पाखोमोवाबाईंच्या आयुष्यांतील सर्वांत मोठें साहस हीच निवड होती.

ल्यूडमिला अलेक्सेयेव्ना पाखोमोवा हिचा जन्म मॉस्को शहरीं ३१ डिसेंबर १९४६ रोजीं झाला. वडील लष्करी वैमानिक होते. ती लहानपणींच बर्फाच्या खेळाकडे वळली. त्या वेळीं सोव्हिएत रशियांत जोडीच्या कसरतीस मोठा मान होता. १९६४ सालीं लेनिनग्राडच्या बेलाउसोवा व प्रोतोपोपोव या दांपत्यानें ऑलिंपिकचें सुवर्णपदकही मिळविलें. परंतु नृत्याकडे मात्र त्या देशांत फारसें कोणी लक्ष देत नसे. नृत्याची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५२ पासून भरत असे, आणि मध्यंतरीं चार वर्षें चेकोस्लोव्हाकियाच्या रोमान भावंडांनीं ती जिंकली तीं सोडलीं, तर १९६९ पर्यंत तें अजिंक्यपद इंग्रज जोड्यांकडेच राहिलें. वॉल्ट्झ, फॉक्सट्रॉट इत्यादि दिवाणखान्यांतील नाच इंग्रजांच्या अंगवळणीं पडलेले. त्यांचीच नियमबद्ध पावलें बर्फावर उतरविणें म्हणजे नृत्य, अशी सर्वसाधारण समजूत होती.

प्रथम ल्यूडमिलेनें विक्टर रिझ्किन या वयानें मोठ्या व अनुभवी खेळाडूबरोबर नृत्य केलें व त्याच्यासह राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविलें. १९६६ सालीं ही जोडी फुटली. वीस वर्षांचीही न झालेली ही विजेती आतां कोणास जोडीदार निवडते याकडे जाणत्यांचे डोळे लागले असतां तिनें अलेक्सांद्र गॉर्श्कोव याची निवड केली. हा तरुण तिच्याच वयाचा, स्वभावानें शांत. परंतु खेळाडू म्हणून त्याचें नांव मुळींच झालेलें नव्हतें. उत्तम जोडीदार मिळण्यासारखा असतां हा कच्चा गडी हिनें कां घेतला, असें पुष्कळांस वाटलें. त्यांचें म्हणणें अगदींच वावगें होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. त्या घटकेस तो तिच्याहून खरोखरच पुष्कळ मागें होता. मात्र तो शिकण्यास कंटाळत नाहीं, हें तिनें बरोबर हेरलें होतें.

या दोघांस शिक्षिकाही तशीच लाभली. एलेना चायकोव्स्काया ही त्यांच्याहून अवघी सात वर्षांनीं मोठी. ती स्वतः १९५७ सालची सोव्हिएत विजेती असून पुढें तिनें मॉस्कोच्या नाट्यकला संस्थेंत नृत्यरचनेचें शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलें होतें. ल्यूडमिलेनेंही त्याच संस्थेंत तोच अभ्यास पुरा केला. इंग्रजांचें इंग्रजांहून चांगलें अनुकरण करण्यांत आयुष्य घालविण्यापेक्षां आपल्या देशांतील बॅले व रशियन लोकनृत्यें यांतून बर्फासाठीं नवी भाषा घडवावी, असा मार्ग या तिघांनीं धरला. दिवाणखान्यांतील नाचांत चेहरा बहुधा अलिप्त ठेवावयाचा. ल्यूडमिलेच्या नृत्यांत मात्र डोळे, मान, बोटांचीं अग्रें हीं सारीं बोलूं लागलीं. तिचा स्वभावच मुळीं तापट व नाटकी. गॉर्श्कोव तिच्या शेजारीं संयमानें उभा राही, आणि त्या विरोधानेंच जोडीस शोभा येई.

परंतु परीक्षकांस नवें रूप पटकन् रुचत नाहीं. १९६७ च्या जागतिक स्पर्धेंत ही जोडी तेरावी आली. राष्ट्रीय विजेतेपद भोगलेल्या मुलीस तेरावें स्थान गोड वाटलें नसेल हें उघड आहे. तरी तिनें जोडीदार बदलला नाहीं. दुसऱ्या वर्षीं तीं दोघें सहावीं आलीं. १९६९ सालीं इंग्लंडच्या डायान टाउलर व बर्नार्ड फोर्ड यांच्या खालोखाल दुसरीं. टाउलर-फोर्ड निवृत्त झाल्यावर १९७० सालीं युगोस्लाव्हियांतील ल्यूब्ल्याना येथें जागतिक अजिंक्यपद प्रथमच सोव्हिएत जोडीकडे आलें. अमेरिकेची जोडी अगदीं थोड्या फरकानें मागें राहिली. या खेळांत घड्याळ किंवा मोजपट्टी निकाल देत नाहीं, माणसांचे डोळे देतात. म्हणून अशा निकालावर वाद होतातच.

त्याच वर्षीं ल्यूडमिला व अलेक्सांद्र विवाहबद्ध झालीं. तेव्हां यापुढें आम्हींही त्यांचा उल्लेख बाई म्हणूनच केलेला बरा.

१९७० पासून १९७४ पर्यंत पांचही वर्षें जागतिक अजिंक्यपद पाखोमोवाबाई व गॉर्श्कोव यांच्याकडेच राहिलें. मध्यंतरीं एकदां ठेंच लागली ती १९७२ सालीं, स्वीडनमधील योटेबोर्ग शहरीं. युरोपच्या स्पर्धेंत पश्चिम जर्मनीच्या आंगेलिका व एरिख बुक या बहीणभावांनीं त्यांस मागें टाकलें. परंतु त्यानंतर थोड्याच आठवड्यांत कॅनडांतील कॅल्गरी येथें त्यांनीं बुक भावंडांस हरवून जागतिक पद राखलें.

या काळांतील त्यांचें सर्वांत टिकाऊ काम म्हणजे १९७४ सालीं चायकोव्स्कायाबाईंच्या सहाय्यानें रचिलेला एक टँगो. टँगो हा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील नाच. त्यास त्यांनीं कठीण वळणांची व लांबच लांब धारांची अशी रचना दिली कीं, आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघानें पुढें ‘टँगो रोमँटिका’ या नांवानें ती सर्व स्पर्धकांनीं शिकावयाच्या नियत नृत्यांत घातली. आपली रचना परक्यांनीं, एवढेंच नव्हे तर प्रतिस्पर्ध्यांनीं पाठ करावी, याहून मोठा मान कलावंतास कोणता मिळणार? पदकाहून हा मान आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

मग १९७५ साल उजाडलें. कोपनहेगन येथें युरोपचें पद जिंकल्यावर लौकरच गॉर्श्कोव अत्यवस्थ झाले. फुप्फुसाचा विकार निघाला व मॉस्को येथें मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. पुन्हां बर्फावर उभें राहतां येईल कीं नाहीं, हाच प्रश्न होता. इकडे ऑलिंपिक अवघें एक वर्षावर. एका जोडीदाराचा श्वास गेला कीं दुसऱ्याची सारी विद्या पांगळी, ही या कलेची निष्ठुर अट तेव्हां बाईंस पुरी कळली असेल. थोड्याच आठवड्यांत गॉर्श्कोवनीं पायांस पातें बांधलें, आणि जागतिक स्पर्धेसाठीं हीं दोघें अमेरिकेंतील कोलोराडो स्प्रिंग्ज येथें गेलींही. परंतु तें शहर समुद्रसपाटीपासून १८०० मीटरांहून अधिक उंचीवर वसलेलें. तेथील विरळ हवा नुकत्याच शस्त्रक्रिया झालेल्या छातीस सोसण्यासारखी नव्हती. त्यांनीं स्पर्धेंतून माघार घेतली, आणि त्यांचें पद त्यांच्याच देशाच्या मोइसेयेवा व मिनेन्कोव या तरुण जोडीनें घेतलें. लढून हरण्यापेक्षां न लढतां घरीं परतणें अधिक जड जातें. तरी माघार घेण्यांत त्यांनीं शहाणपणाच केला, असें आमचें मत आहे.

१९७६ चें हिंवाळी ऑलिंपिक वास्तविक अमेरिकेंतील डेन्व्हर येथें भरावयाचें. परंतु तेथील लोकांनीं १९७२ सालीं मतदान करून त्याचा खर्च नाकारला, तेव्हां तें ऑस्ट्रियांतील इन्सब्रुक शहरीं नेण्यांत आलें. तेथें बर्फावरील नृत्यास ऑलिंपिकच्या पदकांच्या खेळांत प्रथमच स्थान मिळालें. पाखोमोवाबाई तेव्हां एकोणतीस वर्षांच्या होत्या. मोइसेयेवा व मिनेन्कोव यांस रौप्य, अमेरिकेच्या ओकॉनर व मिल्न्झ यांस कांस्य, आणि पहिलें सुवर्ण पाखोमोवा व गॉर्श्कोव यांस मिळालें. एक वर्षापूर्वीं जो मनुष्य शस्त्रक्रियेच्या मेजावर होता तो तेथें उभा होता; आणि दहा वर्षांपूर्वीं ज्याच्या निवडीबद्दल लोकांनीं भुंवया उंचावल्या तोही हाच. त्याच वर्षीं योटेबोर्ग येथें, जेथें पूर्वीं हार पत्करली होती त्याच शहरीं, सहावें जागतिक अजिंक्यपद घेऊन दोघांनीं स्पर्धांचा निरोप घेतला.

१९७७ सालीं त्यांस कन्या झाली. बाई आतां शिक्षिका झाल्या. स्वतः शिकलेल्या नाट्यकला संस्थेंतही त्यांनीं नृत्यरचना शिकविली. थोड्याच वर्षांत त्यांस रसग्रंथींच्या कर्करोगानें गांठलें. पतीच्या आजारांत त्यांनीं एक वर्ष धीर धरला होता. स्वतःच्या आजारांत तो वर्षानुवर्षें धरावा लागला. रुग्णालय व बर्फाचें मैदान यांत त्यांचे दिवस वांटले गेले, पण शिकवणें त्यांनीं सोडलें नाहीं. त्यांचे शिष्य नताल्या आन्नेन्को व गेन्रिख स्रेतेन्स्की यांनीं १९८२ सालीं तरुणांचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. दुखण्याची जाणीव शिष्यांस होऊं न देतां असें काम उभें करणें किती कठीण, हें ज्यांच्या घरीं दीर्घ आजार झाला आहे त्या पालकांस सांगावयास नको.

१७ मे १९८६ रोजीं, वयाच्या चाळिसाव्या वर्षांत, मॉस्को येथें त्यांचें निधन झालें. वागान्कोवो दफनभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. त्यांच्या आठवणींचें पुस्तक त्यांच्या पश्चात् प्रसिद्ध झालें. गॉर्श्कोव पुढें पुष्कळ वर्षें जगले. २०१० पासून २०२२ च्या नोव्हेंबरांत मृत्यु येईपर्यंत ते रशियाच्या स्केटिंग संघाचे अध्यक्ष होते. नियत नृत्यांची स्वतंत्र फेरी २०१० सालीं बंद पडली. परंतु २०१८-१९ च्या हंगामांत आंतरराष्ट्रीय संघानें प्रौढ गटांतील प्रत्येक जोडीस आपल्या तालनृत्यांत ‘टँगो रोमँटिका’चीं ठराविक पावलें टाकणें आवश्यक केलें, आणि बाईंच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या नाना देशांच्या मुलामुलींनीं तीं पावलें गिरवून पाठ केलीं.