प्रशांतचंद्र महालनोबिस : आकडे गोळा करायला शिकवणारे प्राध्यापक



२९ जून हा आपल्याकडे राष्ट्रीय सांख्यिकी दिवस म्हणून पाळला जातो. हा प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा जन्मदिवस. त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेली असते : दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा करणारे. त्या योजनेवर अर्थतज्ज्ञ अजून वाद घालतात, ते त्यांचं त्यांच्यावर सोडू. मला त्यांचं दुसरंच काम मोठं वाटतं. माहिती कशी गोळा करायची, कशी नोंदवायची आणि ती खरी आहे का हे कसं तपासायचं, याचं रीतसर शिक्षण त्यांनी आपल्या देशात उभं केलं.

जन्म १८९३ चा, कोलकात्याचा. प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि मग ते केंब्रिजला गेले. १९१५ मध्ये परत निघताना महायुद्धामुळे बोट लांबली. त्या रिकाम्या दिवसांत एका प्राध्यापकांनी त्यांना 'बायोमेट्रिका' नावाचं नियतकालिक दाखवलं. जीवशास्त्रातली मापं गणिताने तपासणारे लेख त्यात असत. यांनी जुने अंक विकतच घेतले आणि बोटीवर वाचून काढले. परत आल्यावर नोकरी मात्र भौतिकशास्त्र शिकवण्याची. म्हणजे हेही आपल्यासारखे मास्तरच!

१९२६ मध्ये ओरिसात ब्राह्मणी नदीला मोठा पूर आला. नदीचं पात्र गाळाने वर आलंय, म्हणून बांध आणखी उंच करा, असं अभियंत्यांचं मत होतं. महालनोबिस यांनी सुमारे ६० वर्षांच्या पावसाच्या आणि पुराच्या जुन्या नोंदी काढल्या आणि ताळा घेतला. पात्र वर आलेलंच नव्हतं. बांध वाढवण्यावरचा खर्च वाया गेला असता. उपाय होता नदीच्या वरच्या अंगाला धरणं बांधणं. बघा, कुणीतरी वर्षानुवर्षं न कंटाळता रोजचा पाऊस लिहून ठेवला होता, म्हणून हे कळलं.

पण जुनी नोंद म्हणजे खरी नोंद, असंही त्यांनी कधी धरलं नाही. रिस्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने बंगालमधल्या जाती-जमातींची शारीरिक मापं १८९१ मध्ये छापली होती. त्यांवर अभ्यासक मोठमोठे निष्कर्ष काढत होते. महालनोबिस यांनी आधी ती मापंच एकमेकांशी ताडून पाहिली, तर कितीतरी ठिकाणी मेळ बसेना. मग चुका शोधून, दुरुस्त करून त्यांनी त्या तक्त्यांवर स्वतंत्र लेख लिहिला.

प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या एका खोलीत त्यांची प्रयोगशाळा चाले. तिच्यातूनच १९३१ च्या डिसेंबरात भारतीय सांख्यिकी संस्था जन्मली. पहिल्या वर्षाचा खर्च फक्त २३८ रुपये!

खरी कसोटी लागली ती तागाच्या पाहणीत. बंगालमध्ये ताग किती एकरांत लावलाय, हे हंगामातच कळायला हवं होतं. प्रत्येक शेत मोजायला माणसं किती लागणार? म्हणून त्यांनी नकाशावर चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही तुकडे निवडून तेवढेच पाहायचं ठरवलं. १९३७ मध्ये लहान भागात चाचणी घेतली, दरवर्षी ती वाढवत नेली आणि १९४१ मध्ये सगळा प्रांत घेतला. मोजणीदार किती वेळ चालला, किती वेळ मोजत होता, याचीही नोंद ते ठेवत.

आता खरी अडचण. चिखलात न जाता घरी बसूनच कुणी रकाने भरले तर? (शाळेतली ऑनलाइन माहिती रात्री अकराला भरणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) महालनोबिस यांनी एकाच भागात दोन तुकड्या पाठवल्या. निवडलेले तुकडे वेगवेगळे, माणसं वेगळी, एकमेकांशी संबंध नाही. दोघांचे आकडे जवळपास आले तर ठीक, फार फरक पडला तर काहीतरी बिघडलंय हे आपोआप उघड होई. मला त्यांची ही युक्ती सगळ्यात आवडते. सगळे प्रामाणिक असतील असं यात गृहीत धरलेलं नाही आणि सगळे चोर आहेत असंही नाही.

या पद्धतींवर टीकाही झाली, आणि ती करणारा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. पिकाचा उतारा काढायला शेतातला अगदी छोटा तुकडा कापला, की कडेची रोपंही आत धरली जातात आणि उतारा जास्त दिसतो, असं त्यांनी दाखवलं. तुकडा मोठा घ्या आणि काम गावोगावच्या महसूल कर्मचाऱ्यांकडून करून घ्या, हे सुखात्म्यांचं म्हणणं. नीट शिकवलेला स्वतंत्र मोजणीदार छोटा तुकडाही बरोबर कापतो, हे महालनोबिस यांचं. सरकारी पीक कापणीत पुढे सुखात्म्यांची पद्धत चालली. मला वाटतं, तिथे सुखात्मेच बरोबर होते, कारण एवढ्या मोठ्या देशात तितकी शिकलेली माणसं तेव्हा आणायची कुठून?

ती माणसं घडवण्यासाठीच संस्थेत प्रशिक्षणवर्ग चालत. तिथे नुसती सूत्रं नव्हती. खरी मापं, खरे तक्ते हातात पडत. १९४१ मध्ये सी. आर. राव नावाचा तरुण असाच शिकायला आला. पुढे सुदानमधले प्राचीन सांगाडे मोजून अभ्यासण्यासाठी केंब्रिजला माणूस हवा होता, तेव्हा महालनोबिस यांनी राव यांना पाठवलं. १९५० पासून तर परदेशातले विद्यार्थीही कोलकात्याला येऊन हे शिक्षण घेऊ लागले.

१९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, सदस्य पुण्याचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. उत्पन्न मोजायचं तर माहितीच अपुरी! म्हणून १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पहिल्या फेरीत १८३३ गावं निवडली होती. मोजणीदार घरोघर जाऊन कुटुंब काय खातं, कशावर किती खर्च करतं, हे विचारत होते.

पाहणीचं काम शेवटी सरकारने संस्थेकडून काढून स्वतःच्या खात्याकडे घेतलं. त्यानंतर थोड्याच काळात, २८ जून १९७२ रोजी, ७९ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी महालनोबिस गेले.