कुलाब्याच्या मंदिराचे योजक हेन्री कॉनिबीअर

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ बंधुभगिनी पोटापाण्याकरितां मुंबईस जातात. त्यांपैकीं जे कुलाब्याच्या दक्षिण टोंकाकडे गेले असतील, त्यांनीं तेथील उंच शिखराचें दगडी मंदिर पाहिलें असेल. त्याचें नांव संत योहानाचें मंदिर. पण लोक त्यास अफगाण चर्च असेंच म्हणतात. तें ज्यांनीं योजिलें, त्या हेन्री कॉनिबीअर यांची थोडी हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

कॉनिबीअर हे पाळकाचे पुत्र. त्यांचे वडील विल्यम कॉनिबीअर हे उपदेशक असून भूस्तरशास्त्राचेहि मोठे जाणते होते, आणि पुढें वेल्स देशांतील लँडाफ येथील प्रार्थनामंदिराचे डीन झाले. अशा घरीं वाढलेल्या मुलानें विद्या मात्र अभियंत्याची संपादिली. तो मुंबईस आला, व शहराच्या बांधकामांवर देखरेख करण्याचें काम त्याजकडे आलें.

त्या वेळीं कुलाबा ही मुंबईची नवी वस्ती होती. पूर्वी तें निराळें बेट असे, आणि तिकडे जाणारास ओहोटीची वाट पाहावी लागे. सन 1838 मध्यें समुद्रांतून बांध घालून रस्ता झाला, तेव्हां लष्कर, कापसाचा व्यापार आणि लोकांचीं घरें तिकडे वाढूं लागलीं. उपासनेस मात्र एक शाकारलेली लहान जागा काय ती होती. जॉर्ज पिगट नांवाच्या पाळकांनीं नव्या मंदिरासाठीं वर्गणी गोळा करण्यास आरंभ केला. सरकारनें जागा दिली, पण अट घातली कीं, शिखर उंच असावें, म्हणजे बंदरांत येणाऱ्या जहाजांस तें खूण म्हणून उपयोगी पडेल.

प्रथम विलायतेच्या प्रसिद्ध गिल्बर्ट स्कॉट यांचा नकाशा आला. तो फार खर्चाचा म्हणून सोडून द्यावा लागला. (मंदिर बांधूं पाहणाऱ्या आमच्या कोणत्या मंडळीस हा अनुभव नाहीं?) मग कॉनिबीअर यांनीं नकाशा केला. मुंबईंत त्यापूर्वीचीं इंग्रजांचीं मंदिरें बहुधा साध्या दिवाणखान्यासारखीं असत. यांनीं टोंकदार कमानींची जुनी इंग्लिश धाटणी घेतली. ती त्या काळीं विलायतेंतील मंडळ्यांत नव्यानें मान्य होऊं लागली होती. वेदीचा भाग पन्नास फूट लांब व सत्तावीस फूट रुंद ठेविला. दगड इकडचाच वापरला. फरशी मात्र विलायतेहून आणिली. आंतील पडदा, बांकें व फरशी यांचे नमुने विल्यम बटरफील्ड यांचे आहेत, व रंगीत कांचा विल्यम वेल्स यांच्या. तारीख 4 डिसेंबर 1847 रोजीं पायाचा दगड बसला आणि 7 जानेवारी 1858 रोजीं बिशप हार्डिंग यांनीं समर्पण केलें. शिखर तर सन 1865 मध्यें पुरें झालें. तें 198 फूट उंच आहे. कावसजी जहांगीर या पारशी गृहस्थांनीं त्या कामास साडेसात हजार रुपये दिले.

हें मंदिर सन 1838 ते 1842 च्या अफगाण युद्धांत पडलेल्यांच्या स्मरणार्थ आहे. भिंतींवर अंमलदारांचीं नांवें कोरलेलीं आहेत. साध्या शिपायांचीं नांवें, तीं फार असल्यामुळें, लिहिलीं नाहींत. आमच्या दख्खनच्या खेड्यांतील किती घरांतून माणसें मुंबईच्या पलटणींत गेलीं, हें ध्यानांत आणतां तो दगड पाहून मन जड होतें. हा दोष नकाशा काढणाराचा आम्ही म्हणत नाहीं. परंतु आमच्या एखाद्या गांवीं नव्या मंदिरांत स्मरणाचा दगड बसवितांना मातीच्या पाट्या वाहणारांचीं नांवें कोठें लिहावीं, हा विचार पंचांनीं आधींच करावा.

कॉनिबीअर यांचें दुसरें काम आमच्या दुष्काळी जिल्ह्यास अधिक समजेल. त्या काळीं मुंबई विहिरी व तळीं यांवर जगे. सन 1852 मध्यें त्यांनीं शहराच्या आरोग्याविषयीं विस्तृत अहवाल लिहून घाणीचें व गटारांचें खरें चित्र सरकारपुढें ठेविलें. सन 1854 त पाण्याची अशी टंचाई पडली कीं, गुरें शहराबाहेर माहीमकडे न्यावीं लागलीं, आणि पाणी होड्यांनीं व आगगाडीनें आणावें लागलें. तेव्हां विहारच्या खोऱ्यांत मिठी नदी अडवून सुमारें चौदा मैलांवरून नळानें पाणी आणण्याची योजना त्यांनीं मांडली. सन 1856 त काम चाललें, व 1860 त पुरें झालें. निजामशाहींत नगर शहरास नहरींनीं पाणी आणणारांस ही युक्ति नवी वाटली नसती. फरक लोखंडी नळाचा व आकाराचा. श्रीमंताच्या वाड्यांतील विहिरीवर ज्यांना पाय ठेवतां येत नसे, त्यांना रस्त्यावरील नळ म्हणजे काय, हें आमच्या वृद्ध वाचकांस सांगणें नको.

पुढें ते विलायतेस परतले व वेल्समध्यें आगगाडीच्या कामांत पडले. तेथील केव्हन कोएड येथें पंधरा कमानींचा वळणदार दगडी पूल सन 1866 त झाला, त्यांत त्यांचा हात होता.

कुलाब्याचें मंदिर सन 1970 पासून आमच्याच चर्च ऑफ नॉर्थ इंडियांत आहे. मुंबईस जाणारांनीं तें आंत जाऊन पाहावें, आणि दाराशीं कोणी प्यावयास पाणी दिलें, तर विहारचीहि आठवण करावी. त्या तलावाचें पाणी अद्याप मुंबईस जातें.