रेल्वेच्या डब्यातले संशोधक

ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात १९०७ साली नवा रेल्वेमार्ग टाकला जात होता आणि मजूर हिवतापाने बेजार झाले होते. साथ आटोक्यात आणण्यासाठी ओस्वाल्दो क्रूझ यांनी कार्लोस चागास या तरुण डॉक्टरांना तिकडे पाठवले. लासांस येथे रेल्वेच्या डब्यातच त्यांचे घर आणि प्रयोगशाळा होती.

तिथल्या कुडाच्या घरांत, भिंतींच्या भेगांत ढेकणाच्या जातीचा एक मोठा कीटक राही. रात्री झोपलेल्यांच्या चेहऱ्याला तो चावे, म्हणून लोक त्याला ‘न्हावी’ म्हणत. त्याच्या आतड्यात चागास यांना अनोळखी परजीवी सापडला. क्रूझ यांच्या सन्मानार्थ त्याला त्यांचेच नाव दिले गेले. एप्रिल १९०९मध्ये हाच परजीवी तापाने आजारी असलेल्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात दिसला. आधी कीटक, मग जंतू आणि शेवटी रोग, असा हा उलट्या क्रमाचा शोध होता.

१९१२मध्ये आर्माडिलो या कवचधारी वन्यप्राण्यात आणि त्याच्या बिळातील कीटकांतही हा परजीवी आढळला. म्हणजे तो जंगलात आधीपासूनच होता. झाडे तुटली, वन्यप्राणी घटले, तेव्हा कीटकांना रक्तासाठी माणूस आणि आसऱ्यासाठी त्याची भिंत मिळाली.

चागास १९३४मध्ये वारले. नोबेलसाठी नाव सुचवले जाऊनही तो सन्मान त्यांना लाभला नाही. त्यांच्या नावाचा रोग आजही अनेकांचे हृदय वर्षानुवर्षे गुपचूप पोखरतो, आणि त्यावर लस नाही.