मयताच्या गाड्या भाड्याने देऊन सुरुवात केली, पुढे व्हिडिओ गेममध्ये कोट्यवधी कमावले आणि घालवलेही

न्यूयॉर्कमध्ये अंत्यविधीची व्यवस्था बघणारी एक कंपनी होती. तिच्या लांबलचक काळ्या गाड्या दिवसा अंत्ययात्रेला जायच्या आणि रात्री नुसत्या उभ्या असायच्या. मालकाच्या जावयाला ते काही बघवेना. त्याने त्या गाड्या रात्री भाड्याने द्यायला सुरुवात केली.

या जावयाचं नाव स्टीव्ह रॉस.

१९२७ साली ब्रुकलिनमध्ये त्यांचा जन्म झाला. महामंदीत वडिलांचा पैसा बुडाला होता, त्यामुळे गरिबी काय असते ते त्यांना लहानपणीच कळलं. गाड्यांच्या धंद्याला त्यांनी किनी कंपनीचे पार्किंग लॉट जोडले आणि १९६२ मध्ये कंपनी शेअर बाजारात आणली. १९६९ मध्ये तर त्यांनी थेट हॉलिवूडची वॉर्नर ब्रदर्स विकत घेतली. एक कंपनी घ्यायची, तिच्या जिवावर दुसरी घ्यायची, हा त्यांचा हातखंडा. बँकर नसूनही डोकं पक्कं बँकरचं.

१९७६ मध्ये त्यांची नजर अटारीवर गेली. वाघा बॉर्डरजवळचं अटारी नव्हे, नोलन बुशनेल यांची व्हिडिओ गेमची कंपनी. घरोघरी टीव्हीला जोडता येईल असं मशीन बाजारात आणायला बुशनेल यांच्याकडे पैसा नव्हता. रॉस यांनी २ कोटी ८० लाख डॉलरला अख्खी कंपनीच घेतली.

सुरुवातीला धंदा रखडला. १९८० मध्ये 'स्पेस इनव्हेडर्स' घरच्या टीव्हीवर आला आणि चित्र पालटलं. १९८२ पर्यंत वॉर्नरच्या नफ्यातला निम्म्याहून जास्त वाटा एकट्या अटारीचा होता. घोडचूक झाली ती इथेच.

रॉस यांना दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग वॉर्नरकडे हवे होते. म्हणून त्यांनी 'ई.टी.' सिनेमावरच्या गेमचे हक्क घेतले. त्यासाठी दोन कोटी डॉलरहून जास्त रक्कम मोजली, असं सांगितलं जातं. गेम नाताळात दुकानात हवा होता. ज्या कामाला एरवी कित्येक महिने लागायचे, ते प्रोग्रॅमरला जेमतेम पाच आठवड्यांत उरकावं लागलं. गेम फसला आणि लाखो कॅसेट पडून राहिल्या.

७ डिसेंबर १९८२ ला अटारीची विक्री अपेक्षेपेक्षा फारच कमी असल्याचं कंपनीने जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी वॉर्नरचा शेअर साधारण एक तृतीयांशाने कोसळला. १९८३ मध्ये अटारीला ५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या कचरा डेपोत पुरला गेला. कंपनी गिळायला रुपर्ट मर्डोक टपलेच होते.

मर्डोक यांना रॉस यांनी रोखलं. १९८४ मध्ये अटारीचा घरगुती गेमचा धंदा जॅक ट्रॅमिएल यांना विकून टाकला, तोही रोख पैसे हातात न पडता, वचनचिठ्ठ्यांवर. वॉर्नर वाचली. पुढे ती 'टाइम'मध्ये विलीन झाली आणि टाइम वॉर्नर हा माध्यमांमधला अवाढव्य समूह उभा राहिला.

२० डिसेंबर १९९२ ला कर्करोगाने रॉस गेले. ज्या मैत्रीपायी अटारीला एवढा फटका बसला, ती मैत्री मात्र टिकली. पुढच्याच वर्षी आलेला 'शिंडलर्स लिस्ट' स्पीलबर्ग यांनी रॉस यांना अर्पण केला.