कल्याणच्या शाळेत शिकलेले रेव्हरंड टिळक : पगार सोडला, पण सेवा नाही सोडली

कल्याण : टिळक म्हटलं की आपल्याला लोकमान्यच आठवतात. पण शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही पाखराची कविता पाठ केलेल्यांना दुसरे टिळकही माहीत आहेत. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. प्राथमिक शाळा मात्र १८६९ ते १८७३ या काळात आपल्या कल्याणात झाली. आई वारली आणि या पोराने घर सोडून नाशिक गाठलं. तिथे संस्कृत शिकले.

१८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. वाचता वाचता मन वळलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घरातला माणूस ख्रिस्ती झाला म्हणून नातलगांत मोठा गहजब झाला. पत्नी लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन काही वर्षं नातेवाइकांकडे वेगळ्या राहिल्या. हा घाव टिळकांच्याच निर्णयाने बसला होता. त्यात स्वभाव तापट, पैशाला हात सैल. पण त्यांनी बायकोवर धर्माची सक्ती केली नाही. लक्ष्मीबाई परत संसारात आल्या आणि १९०० साली आपल्या मनाने ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगर भागात टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनचं काम वीसहून जास्त वर्षं केलं. धर्म बदलला तरी अभंग आणि कीर्तन सुटलं नाही. ख्रिस्ताची भजनं त्यांनी आपल्या मराठी वळणाने लिहिली. घरात परकी पोरं आपली होऊन राहिली. कवी बालकवी ठोंबरे त्यातलेच एक. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राचा मराठी भाग टिळकच सांभाळत.

पगार चालू होता, नावही मोठं होतं. तरी १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यासी वृत्तीने राहू लागले. ख्रिस्ताला मानणारे इथल्या मातीत, आपल्या पायावर उभे राहावेत, यासाठी ही धडपड. साताऱ्याला त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेल्याला तिथे जागा होती, न घेतलेल्यालाही होती. पुढे दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

पुढारी कसा आहे ते त्याच्या घरी विचारावं. टिळकांच्या बाबतीत ते लक्ष्मीबाईंनीच ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवलंय. राग, हट्ट, उधळेपणा, काही लपवलं नाही. आणि टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं राहिलं होतं, ते याच लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.